बिनविरोधाचे कौतुक

ग्रामपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या की पुण्यातल्या वर्तमानपत्रांच्या जिल्हा-पानावर एक बातमी हमखास येते. अमुक तालुक्यातल्या तमुक गावाने यंदाही निवडणूक बिनविरोध केली; ज्येष्ठांच्या मध्यस्थीला मान देऊन सर्वांनी अर्ज मागे घेतले; लाखोंचा खर्च वाचला, गावाची एकी टिकली. सोबत छायाचित्र असते : ग्रामदैवताच्या देवळापुढे गुलाल माखलेली पाच-पन्नास पुरुषमंडळी आणि, निम्म्या जागा राखीव असल्यामुळे, कडेला उभ्या केलेल्या चार-दोन बायका. शहरातला सुशिक्षित वाचक ही बातमी वाचतो आणि त्याला बरे वाटते. निवडणूक हा चिखल, गाव मुळात निर्मळ. गावाने चिखलात पाय घातला नाही, याचे ते समाधान असते.

या समाधानाविषयी माझी तक्रार आहे. ती राज्यशास्त्रवाल्यांपुढे न मांडता साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांपुढे मांडतो आहे, कारण हे समाधान घडवण्यात आपला हात आहे. गावाची जी चित्रे आपण पन्नास-साठ वर्षे पाठ्यपुस्तकांतून, कथाकथनाच्या कार्यक्रमांतून आणि परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांतून फिरवली, त्यांत एका माणसाला जागाच नव्हती : भावकीने, पॅनेलने, आमदाराने ‘नको’ म्हटल्यावरही तहसील कचेरीत जाऊन अर्ज भरणारा, आणि भरलेला अर्ज मागे न घेणारा माणूस. वर्तमानपत्राच्या भाषेत त्याला अपक्ष म्हणतात. गावच्या भाषेत त्याला काय म्हणतात ते इथे छापण्याजोगे नाही.

शब्दांपासूनच सुरुवात करू, तेवढा आपला धंदा आहे. ‘बिनविरोध’ हा फारसी उपसर्ग आणि संस्कृत नाम यांचा संकर. बिनचूक, बिनबोभाट, बिनघोर या शब्दांच्या पंगतीत तो बसतो, आणि त्या शेजारामुळे त्याला आपोआप प्रतिष्ठा मिळते. ‘बिन’च्या पुढे येईल ते खोड, असा कानाला सराव झालेला असतो, चूक ही खोड, बोभाटा ही खोड, तसा विरोधही खोडच. त्याच पंगतीत ‘बिनपगारी’ आणि ‘बिनडोक’ हेही बसलेले आहेत, हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

‘अपक्ष’ची गत उलटी. त्याची ओळखच त्याच्यापाशी जे नाही त्यावरून. पण ‘पक्ष’ म्हणजे झेंडा, कार्यालय आणि जिल्हाध्यक्ष हा अर्थ फार अलीकडचा. आपल्या वादशास्त्रात पक्ष म्हणजे मांडायची बाजू. आणि तिथे पूर्वपक्ष नसेल तर सिद्धान्ताला उभे राहायला जमीनच नसते. समोरच्याचे म्हणणे त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडून मगच आपले म्हणणे सिद्ध करायचे, ही ज्या परंपरेची शिस्त, तिचे वारस म्हणवणारे आपण, गावात पूर्वपक्ष मांडणाऱ्याला ‘अपक्ष’ म्हणतो आणि तो गप्प झाला की गुलाल उधळतो. (‘उमेदवार’ हाही एक मजेचा शब्द. मुळात उमेद बाळगणारा. जुन्या मराठीत कचेरीत बिनपगारी काम करत कायम होण्याची वाट पाहणाऱ्यालाही उमेदवारच म्हणत. गावातला एकटा उमेदवार या दुसऱ्या अर्थाच्या जास्त जवळचा असतो.)

आता कायद्याकडे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली होणाऱ्या निवडणुका पक्षांच्या चिन्हांवर लढवल्या जात नाहीत. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला पक्ष असतात, ग्रामपंचायतीला नसतात. हात, कमळ, घड्याळ, धनुष्यबाण यांना तिथे मज्जाव. निवडणूक आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीतून ज्याला जे मिळेल ते : कपबशी, शिट्टी, कपाट, छताचा पंखा. राष्ट्रपुरुषांच्या आणि पुराणांच्या प्रतिमांनी लडबडलेल्या आपल्या राजकारणात ही चिन्हे किती साधी, किती घरगुती आहेत! लोकशाहीच्या सर्वांत खालच्या पायरीवर माणसाला संसारातली एक वस्तू हातात देऊन सांगितले जाते की हीच तुझी ओळख, आता घरोघर जा. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ग्रामपंचायतीचा प्रत्येक उमेदवार अपक्षच. पण निकाल लागल्याच्या संध्याकाळी सगळे पक्ष आपापल्या जिंकलेल्या ग्रामपंचायतींचे आकडे जाहीर करतात. जानेवारी २०२१ मध्ये तर प्रत्येक प्रमुख पक्षाने आपणच पहिले असल्याचे सांगितले होते. कायद्याने नसलेला पक्ष गावात ‘पॅनेल’ या नावाने वावरतो, आणि ग्रामदैवताचे नाव घेऊन उभा राहतो म्हणून त्याला कोणी पक्ष म्हणत नाही. तेव्हा गावातला खरा अपक्ष ओळखायचा तो पॅनेलच्या बाहेर.

त्या जानेवारीतले आकडे बोलके आहेत. निवडणूक जाहीर झाली १४,२३४ ग्रामपंचायतींची. त्यांपैकी १,५२३ ठिकाणी ती पूर्णपणे बिनविरोध झाली. ३१ डिसेंबर २०२० ला अर्जांची छाननी होती, ४ जानेवारीला दुपारी तीन वाजेपर्यंत माघारीची मुदत होती आणि १५ तारखेला मतदान. या तीन तारखांपैकी आपल्या लक्षात राहते ती मतदानाची. गावाच्या लक्षात राहते ती माघारीची. कारण मतदानाला गुप्तता असते, माघारीला नसते. तिथे माणूस सर्वांसमोर, स्वतःच्या सहीने, स्वतःला खोडतो.

ही सही कशी मिळते? मध्यस्थीचे, मोठेपणाचे, गावाच्या भल्याचे जे वर्णन बातमीत असते ते खोटे असतेच असे नाही. काही ठिकाणी माणसे खरोखर समजुतीने बसतात, आळीपाळीने पदे वाटून घेतात. पण ज्याला गावाची घडण ठाऊक आहे त्याला हेही ठाऊक असते की विकास सोसायटीचे पीककर्ज कोणाच्या हातात आहे, साखर कारखान्याची तोड आधी कोणाच्या फडात येते, कालव्याच्या पाण्याची पाळी कोण ठरवतो, आणि मुलाची शिक्षणसंस्थेतली नोकरी कोणाच्या शब्दावर टिकून आहे. हे कोणी बोलून दाखवत नाही. ते न बोलता सर्वांना ठाऊक असणे, यालाच गावाची एकी म्हणतात. साहित्याचा अभ्यासक न लिहिलेले वाचायला शिकलेला असतो, असे आपण निदान पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगतो.

शिवाय आता या एकीला भावही फुटला आहे. २०२१ च्या त्याच निवडणुकीआधी पारनेरचे तेव्हाचे आमदार निलेश लंके यांनी बिनविरोध करणाऱ्या गावांना पंचवीस लाखांचा विकासनिधी देण्याचे जाहीर केले आणि त्याची सर्वत्र वाहवा झाली. गुजरातेत ही कल्पना २००१ पासून ‘समरस गाव’ या नावाने सरकारी योजनाच आहे. म्हणजे सार्वजनिक निधी, जो गावाला त्याच्या गरजेप्रमाणे मिळायचा, तो गावाने मतदान न केल्याबद्दल मिळणार. एखाद्या गावात एका बाईने अर्ज ठेवला, तर पंचवीस लाख तिच्यामुळे बुडाले असे अख्खे गाव म्हणणार. शाळेची खोली, स्मशानाचा रस्ता, पाण्याची टाकी, सगळ्यांचा हिशेब तिच्या दारात. विरोधाला बंदी घालण्यापेक्षा ही युक्ती फार हुशारीची. कायद्याने बंदी घातली असती तर न्यायालयात जाता आले असते.

आणि जिथे आमदार देत नाही तिथे गाव स्वतःच लिलाव पुकारते. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदाची बोली दोन कोटींच्या वर गेली, रक्कम देवळासाठी. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीतही तसेच झाले. चित्रफिती बाहेर आल्या, राज्य निवडणूक आयोगाने चौकशी केली आणि दोन्ही ग्रामपंचायतींची निवडणूक रद्द ठरवली. तेव्हा या शहरात सगळ्यांनी कपाळाला हात लावला. मला त्या कपाळाला हात लावण्याचेच नवल वाटले. लिलाव हे बिनविरोधाचे विद्रूप नव्हे. तो बिनविरोधच आहे, फक्त त्यात आकडा उघड बोलला गेला. जिथे देवळापुढे पंधरा प्रतिष्ठित बसून पद ठरवतात तिथेही देणे-घेणे असते, ते कॅमेऱ्यापुढे होत नाही इतकेच. उमराण्याच्या लोकांचा अपराध एवढाच की त्यांनी पावती फाडली.

संविधान या बाबतीत संदिग्ध नाही. त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३-ग मध्ये पंचायतीच्या जागा ‘प्रत्यक्ष निवडणुकीने’ भरायच्या असे म्हटले आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये तर राज्य निवडणूक आयोगाने असा आदेश काढला की स्थानिक निवडणुकीत ‘वरीलपैकी कोणीही नाही’ याला सर्वाधिक मते पडली तर ती निवडणूक पुन्हा घ्यावी. एकूण देशाच्या मानाने ही फार पुढची तरतूद होती. पण बिनविरोध गावात मतदानयंत्रच येत नाही. ज्याला सगळ्यांनाच नाकारायचे आहे त्याला बटण कुठून मिळणार?

आता मी ज्या उमेदवाराविषयी हा सगळा लेख लिहायला बसलो तिच्याकडे येतो. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुक या गावात अंजली पाटील यांनी २०२० च्या डिसेंबरात ग्रामपंचायतीसाठी अर्ज भरला. त्या तृतीयपंथी. प्रभागातली जागा सर्वसाधारण प्रवर्गातल्या स्त्रीसाठी राखीव. छाननीच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने अर्ज फेटाळला : तृतीयपंथी व्यक्तीला स्त्रियांच्या राखीव जागेवर उभे राहता येणार नाही. तृतीयपंथीयांसाठी तर वेगळी जागाच नाही. म्हणजे तुमच्यासाठी असलेल्या रकान्यात तुम्ही नाही, आणि तुम्ही आहात तो रकाना नाही. माघारीला चार दिवस उरले होते. अंजली पाटील मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे गेल्या. न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी २ जानेवारीला निकाल दिला : २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तीला आपली लिंग-ओळख आपण ठरवण्याचा हक्क आहे, अर्ज स्वीकारा. न्यायालयाने एक गोष्ट नोंदवून ठेवली : पुढे संधी साधण्यासाठी आपण पुरुष म्हणून वावरणार नाही, असे या उमेदवाराने सांगितले आहे. १५ तारखेला मतदान झाले. १८ तारखेला त्या निवडून आल्या. कोणत्याही पक्षाच्या नव्हेत, अपक्ष.

मराठीच्या अध्यापकांनी या प्रकरणाकडे जरा थांबून पाहावे. आपली भाषा तीन लिंगांची. नपुंसकलिंगाचा नियम शिकवताना आपण ‘ते मूल’, ‘ते झाड’ म्हणतो आणि पुढे जातो. क्रियापद, विशेषण, षष्ठीचा प्रत्यय, सगळीकडे लिंग वाहून नेणाऱ्या या भाषेत स्वतःविषयी एक वाक्य बोलायचे झाले तरी ‘आलो’ की ‘आले’ हे आधी ठरवावे लागते. भादलीच्या या उमेदवाराने ते वाक्य सरकारी अर्जावर लिहिले, नाकारले गेल्यावर न्यायालयात म्हटले, आणि मग प्रभागातल्या मतदारांकडून मान्य करून घेतले. न्यायालयातल्या खटल्याच्या नावात त्या ‘अंजली गुरू संजना जान’ आहेत. म्हणजे वडिलांच्या जागी गुरूचे नाव. मतपत्रिकेवर पाटील. एकाच माणसाची ही दोन नावे, दोन घराण्यांची, एकाच महिन्यात दोन सरकारी दप्तरांत उमटली. गेल्या वीस वर्षांतल्या ‘अस्मितेच्या साहित्या’वरचे जेवढे प्रबंध आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात धूळ खात पडले आहेत, त्यांतल्या बहुतेकांपेक्षा त्या अर्जात अधिक ऐवज आहे, असे माझे मत आहे. आणि हेही पाहा : ही घटना बिनविरोधाच्या गावात घडली नसती. तिथे त्यांना अर्ज भरण्याआधीच कोणीतरी समजावले असते.

तसे हे महाराष्ट्रातले पहिले उदाहरण नव्हे. २०१७ मध्ये सरपंचाची थेट निवडणूक पहिल्यांदा झाली तेव्हा माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळच्या मतदारांनी ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच केले होते. थेट निवडणूक २०२० मध्ये रद्द झाली, २०२२ मध्ये परत आली. सरकार बदलले की ही तरतूदही बदलते, आणि दोन्ही वेळा कारण लोकशाहीचेच दिले जाते. त्या वादात मी पडत नाही.

प्रश्न साहित्याचा आहे. मराठी ग्रामीण कथेत निवडणूक येते ती बहुधा विनोदासाठी. १९६० च्या दशकात शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाने सभागृहे भरली. गावचा इरसालपणा हा तेव्हापासून शहरी श्रोत्याच्या करमणुकीचा खात्रीचा माल झाला. त्या कथांची मी निंदा करत नाही. बोलीचा कान, प्रसंगाची मांडणी, सगळे अव्वल. पण त्यांच्या मागून आलेल्या दुय्यम लेखकांनी आणि त्यांच्याहून दुय्यम चित्रपटांनी एक साचा पाडला : मिशा पिळणारा सरपंच, लाळघोट्या ग्रामसेवक, चावडीवरचे चार भांडकुदळ, आणि ‘इलेक्शन’ आले की गावभर कोंबड्या. या साच्यात जो एकटा उभा राहतो तो वेडा तरी असतो किंवा कोणीतरी मते खायला उभा केलेला तरी. त्याला काही म्हणायचे आहे, ही शक्यताच नाही. ९ डिसेंबर २०२४ ला बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून खून करण्यात आला, तेव्हा तरी आपल्याला त्या मिशा पिळणाऱ्या सरपंचाच्या नकला आठवून ओशाळे व्हायला हवे होते.

गंभीर बाजूही फार वेगळी नाही. विजय तेंडुलकरांची पटकथा असलेला ‘सामना’ (१९७५) आपण सगळेच मानतो. त्यात हिंदुराव आहेत, मास्तर आहेत. आणि गावात त्यांना विरोध करणारा मारुती कांबळे कथा सुरू होण्याआधीच नाहीसा झालेला आहे. त्याच्याविषयी प्रश्न विचारला जातो, तो विचारणाराही गावाबाहेरून आलेला. हे चित्र भेदक आहे यात शंका नाही. तरी विरोधकाची अनुपस्थिती हीच त्याची सर्वांत ठळक प्रतिमा व्हावी, याचाही काही अर्थ आहे. रंगनाथ पठारे यांच्या ‘ताम्रपट’मध्ये (१९९४) ग्रामीण सत्ताकारणाचा जेवढा मोठा पट आहे तेवढा दुसरीकडे क्वचितच सापडेल, पण तो पट मुख्यतः सत्तेकडे जाणाऱ्यांचा आणि तिच्याखाली भरडल्या जाणाऱ्यांचा. ‘धुरळा’ (२०२०) या चित्रपटात सरपंचपदाची लढत एकाच घरातल्या माणसांत होते. गाव मतदार म्हणून कडेला उभे. या सगळ्यांत तो मधला माणूस, ज्याच्यापाशी सत्ता नाही आणि जो पुरता भरडलेलाही नाही, ज्याला कपबशी मिळाली आहे आणि जो ती घेऊन घरोघर निघाला आहे, तो नाही.

बायकांच्या बाबतीत तर आपण अधिकच कंजूष. राखीव जागेवरची बाई म्हणजे सहीपुरती, नवराच सरपंच, हा विनोद इतका घासला गेला आहे की तो सांगणाऱ्यालाही हसू येत नाही. तसे घडतही असेल. पण १९६० च्या दशकात, आरक्षणाचे नाव नसताना, याच पुणे जिल्ह्यात बारामती तालुक्यातल्या निंबूतमध्ये सगळ्या सदस्य स्त्रिया असलेली ग्रामपंचायत होती. १९८९ मध्ये शेतकरी महिला आघाडीने स्त्रियांची पॅनेले उभी केली आणि जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांत ती निवडून आली. यावर मराठीत कादंबरी कोणती? माझ्या वाचनात नाही.

या एकीच्या ध्यासाला एक प्रतिष्ठित कुळी आहे, ती मान्य केली पाहिजे. गांधीजींची ग्रामकल्पना, विनोबांची सर्वसंमती, जयप्रकाशांची पक्षविरहित लोकशाही; ही माणसे मतलबी नव्हती. पण त्याच काळात दुसरे एक म्हणणे या महाराष्ट्रातूनच आले होते. १९३२ साली मुंबईच्या विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर आणि पुन्हा ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी विचारले ते साधारण हेच : हे गाव म्हणता ते कोणाचे? त्यांनी गावाला दिलेली विशेषणे कडू होती. कारण गावाची एकी ज्याच्या डोक्यावरून साधली जाते त्याच्या बाजूने ती पाहिलेली होती. आपल्या अभ्यासक्रमात दलित आत्मकथने आणि ग्रामीण साहित्य या दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका असतात. एकाच गावाची ही दोन वर्णने विद्यार्थी वेगवेगळ्या दिवशी वाचतो, आणि दोन्हींत पहिला वर्ग मिळवतो.

आक्षेप मला ठाऊक आहेत. अपक्ष म्हणजे बहुधा तिकीट न मिळालेला बंडखोर. खरे आहे, १९९५ च्या विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले, त्यांत बंडखोरांचाच भरणा होता आणि पुढे सत्तेच्या गणितात ते नीट बसले. अपक्ष म्हणजे डमी. हेही खरे, २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत नावसाधर्म्याच्या आणि तुतारी या चिन्हाच्या बळावर एका अपक्षाला लाखावर मते पडली. खोट्या नाण्यांचा सुकाळ झाला म्हणून नाणे बंद करत नाहीत. शिवाय हे सगळे वरच्या निवडणुकांचे. प्रभागात तीन-चारशे मतदार असतात, त्यांच्यापासून उमेदवाराचे गोत्र लपत नाही. तिथे डमी कोण आणि खरा कोण हे शेंबडे पोरही सांगते.

हिवरे बाजारचे उदाहरण मात्र मला पुढे करावेच लागेल, कारण बिनविरोधाच्या बाजूचा तो सर्वांत सबळ पुरावा समजला जातो. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने पाण्याचे आणि गवताचे जे काम केले ते वादातीत. तिथे तीस वर्षे निवडणूक झाली नव्हती. २०२१ मध्ये विरोधात अर्ज राहिले आणि मतदान घ्यावे लागले. काहींना तेव्हा एका युगाचा अंत झाल्यासारखे वाटले. निकाल काय लागला? पोपटरावांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. पाणी आटले नाही, कुऱ्हाडबंदी मोडली नाही. उलट तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या कामाला मतपेटीतून पावती मिळाली. तोवर ती केवळ गृहीत धरलेली होती. त्याच वेळी औरंगाबादजवळच्या पाटोद्यात उलटे घडले. भास्करराव पेरे पाटलांचे नाव गावागावांत व्याख्यानांतून पोचलेले, पण त्यांच्या कन्या तिथे पराभूत झाल्या. मतदारांनी कृतघ्नपणा केला असा सूर तेव्हा लागला. मला त्यात कृतघ्नपणा दिसत नाही. सार्वजनिक पद ही बक्षिसी नव्हे, हे त्या गावाला आदर्श गावांच्या पुस्तिका छापणाऱ्यांपेक्षा जास्त कळले होते.

आणि हे सांगायला आपल्याला जळगाव-नगरला जायचीही गरज नाही. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. निवडून आलेले नव्हे, सरकारने नेमलेले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे-भेटीसाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला. फुल्यांचे म्हणणे असे की ते पैसे गरिबांच्या शिक्षणावर घालावेत. सभागृहात त्यांच्या बाजूने एकच मत पडले, ते त्यांचे स्वतःचे. खर्च थांबला नसावा. पण ते एक मत इतिवृत्तात राहिले म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे की तो ठराव एकमुखाने झाला नव्हता. समजा त्या दिवशी सदस्यांतल्या कोणा ज्येष्ठाने फुल्यांना बाजूला घेऊन पुण्याच्या एकीखातर गप्प बसायला सांगितले असते आणि त्यांनी ऐकले असते, तर इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ एवढाच शब्द असता.

पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ ग्रामीण पुण्याचा कारभार प्रशासकाने पाहिला. निवडून आलेला एकही सदस्य नाही, म्हणून विरोध नाही. या शहराच्या साहित्यिक वर्तुळात त्याबद्दल कोणी अस्वस्थ झाल्याचे मला आठवत नाही. आणि जानेवारी २०२१ मध्ये निवडल्या गेलेल्या ग्रामपंचायतींची पाच वर्षे २०२६ मध्ये भरतात. पुढचा कार्यक्रम जेव्हा लागेल तेव्हा जिल्हा-पानावर गुलालाची छायाचित्रे पुन्हा येतील. ज्यांचे विद्यार्थी त्या गावांतून एस.टी.ने महाविद्यालयात येतात त्या अध्यापकांनी, छायाचित्रात कोण आहे ते पाहून झाल्यावर, एवढे विचारून घ्यावे : माघारीच्या दिवशी दुपारी तीन वाजेपर्यंत तुमच्या गावात किती अर्ज होते, आणि ज्यांचे होते त्यांची नावे काय.